व्हिएतनामला जायचंय? आधी महिना ठरवा, तिकिटाचं मग बघू

नाशिकमधून व्हिएतनामला जाणारे आता खूप वाढलेत, आणि मला विचारणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, पॅकेज केवढ्याला पडेल. माझं म्हणणं आहे की पैशांचा प्रश्न तिसरा किंवा चौथा, पहिला प्रश्न म्हणजे तुम्हाला सुट्टी कधी आहे. कारण हा देश अंगाने बारीक आणि उत्तर-दक्षिण प्रचंड लांब आहे, हनोई ते हो ची मिन्ह सिटी (जुनं सायगाव) रेल्वेने 1726 किलोमीटर, त्यामुळे एकाच दिवशी वरती स्वेटर, मधे पूर आणि खाली कडक ऊन असं असू शकतं.

आपल्याकडच्या सुट्ट्या म्हणजे दिवाळी, नाताळ आणि मे, तर त्याच हिशोबाने सांगतो.

दिवाळीत जाणार असाल तर उत्तरेकडे जा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हनोई, निन्ह बिन्ह, हा लाँग बे, सापा हे सगळं मस्त असतं, हवा कोरडी, ऊन सोसवेल इतकं. पण मधला पट्टा, म्हणजे दा नांग, होई आन, ह्यू, तिथे नेमका तेव्हाच पाऊस असतो, सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत. ऑक्टोबर 2025 च्या शेवटी होई आन आणि ह्यूमध्ये मोठा पूर आला होता, रस्त्यांवर होड्या चालत होत्या. आणि तरी दिवाळीच्या पॅकेजमध्ये दा नांग आणि तिथला गोल्डन ब्रिज सर्रास टाकलेला असतो! विकणाऱ्याला विचारा तरी, की बाबा तिथे तेव्हा हवा कशी असते.

नाताळात दक्षिणेकडे चला. हो ची मिन्ह सिटी, कू ची चे भुयारी मार्ग, मेकाँग नदीचा त्रिभुज प्रदेश, फु क्वॉक बेट, सगळीकडे कोरडा सीझन. हनोईला तेव्हा थंडी असते, ती निफाडसारखी कडाक्याची नाही पण दमट आणि ढगाळ, आणि हा लाँग बे वर धुकं असलं की समोरचे डोंगर दिसतच नाहीत, मग क्रूझचे पैसे कशाला घालवायचे.

मे महिन्यात मात्र मधला पट्टा. दा नांगचा समुद्र तेव्हा शांत, पाऊस नाही, ऊन भरपूर पण नाशिकच्या मे मधून गेलेल्याला काही वाटणार नाही, फक्त घाम जास्त. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत उत्तरेला वादळांची भीती असते, सप्टेंबर 2024 च्या यागी वादळाने हा लाँगच्या बाजूला खूप नुकसान केलं होतं. शिवाय टेट, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य यात कधीतरी येतं, तेव्हा अख्खा देश गावी गेलेला असतो, दुकानं बंद, गाड्या फुल्ल. ते दिवस टाळाच.

एका आठवड्यात तिन्ही भाग कोंबू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. दोन भाग घ्या, मधे देशांतर्गत विमान घ्या, हनोई ते दा नांग साधारण सव्वा तासाचं आहे. आणि जाण्याचं तिकीट एका शहराचं, परतीचं दुसऱ्या शहरातून असं मिळालं तर उलटं फिरत यावं लागत नाही. मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटी दोन्हीकडे थेट विमानं आहेत, म्हणून हे जमतं. स्वस्त तिकिटात बहुतेक वेळा फक्त हातातली 7 किलोची बॅग धरलेली असते, तेव्हा मोठ्या बॅगेचे पैसे धरूनच भावांची तुलना करा.

आता व्हिसा. हा भाग घरबसल्या होतो, एजंटची गरज नाही. ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळतो, एकदाच प्रवेशाचे 25 डॉलर, अनेकदा प्रवेशाचे 50 डॉलर. मधेच कंबोडियात अंकोर वाट बघून परत व्हिएतनामला यायचं असेल तर 50 वालाच लागेल, हे खूप जण विसरतात (आणि कंबोडियाचा व्हिसा वेगळा). सरकारी साइट ईव्हिसा डॉट गव्ह डॉट व्हीएन (evisa.gov.vn), तिच्यासारख्या दिसणाऱ्या बऱ्याच खाजगी साइट सर्चमध्ये वर येतात आणि जास्त पैसे घेतात, पत्ता अक्षर न अक्षर तपासा. फी परत मिळत नाही. तीन कामाचे दिवस सांगतात पण तुम्ही तीन आठवडे आधी भरा.

फॉर्म भरताना नावाकडे जीव लावून लक्ष द्या. आपल्या मराठी पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. पासपोर्टवर जसं आहे तसंच व्हिसावर आणि तसंच तिकिटावर, मधलं नाव गाळलं की एअरपोर्टवर वाद. जन्मतारीख दिवस-महिना उलटी पडली नाही ना ते बघा, पासपोर्ट परतीनंतरही किमान सहा महिने चालणारा हवा, संपत आला असेल तर नाशिकमध्येच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, आधी ते काम उरका. व्हिसाची प्रिंट काढून दोन ठिकाणी ठेवा.

पैसे. एक रुपयाला साधारण 300 डोंगच्या आसपास मिळतात, त्यामुळे किमती लाखांत असतात आणि डोकं गरगरतं. सोपा हिशोब, शेवटची तीन शून्यं काढा आणि उरलेल्याला साडेतीनने गुणा, म्हणजे लाख डोंगची वस्तू साडेतीनशे रुपये, थोडं इकडेतिकडे. 20 हजार आणि 5 लाखाची नोट दोन्ही निळसर असतात, रात्री टॅक्सीत घाईने देऊ नका, 5 लाखाच्या नोटा पाकिटात वेगळ्याच कप्प्यात ठेवा. इथून डॉलर न्या, कोऱ्या, न चुरगळलेल्या नोटा, सोबत एक फॉरेक्स कार्ड. फिरायला ग्रॅब अ‍ॅप वापरा, भाडं आधीच दिसतं.

शाकाहारी लोकांसाठी जरा जास्त सांगतो. तिथे भाजीवरसुद्धा माशाचं सॉस पडतं, नुओक माम, आणि 'नो मीट' म्हटलं तरी ते येतंच, कारण त्यांच्या लेखी ते मांस नाही. पण बौद्ध परंपरेमुळे तिथे शुद्ध शाकाहारी खानावळी खूप आहेत, पाटीवर 'चाय' (chay) लिहिलेलं असतं, हे व्हिएतनामी स्पेलिंग फोनमध्ये सेव्ह करून ठेवा आणि मॅपवर तेच शोधा. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला तर बरीच साधी माणसंसुद्धा शाकाहार करतात, त्या दिवशी हवं ते मिळतं. होई आनचा कंदिलांचा उत्सव पौर्णिमेच्या आदल्या रात्री असतो, तेव्हा घरच्या कॅलेंडरवर पौर्णिमा बघून तारीख ठरवली तर दोन्ही साधतं. चिवडा, मेतकूट, खाकरे बॅगेत असू द्याच, विशेषतः मुलं बरोबर असतील तर.

मी सोन (My Son) ही जागा मात्र चुकवू नका. होई आनपासून साधारण 40 किलोमीटरवर डोंगरांच्या कुशीत शंकराची विटांची देवळं आहेत, चंपा नावाच्या जुन्या राज्याच्या राजांनी बांधलेली, भद्रवर्मन राजाने चौथ्या शतकाच्या शेवटी इथे भद्रेश्वराची स्थापना केली. 1969 च्या अमेरिकन बॉम्बफेकीत बरंच पडलं, आणि आता आपलंच पुरातत्त्व खातं तिथे डागडुजी करतंय, 2020 मध्ये त्यांना कामात नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. त्र्यंबकेश्वरच्या इतक्या जवळ राहणाऱ्या माणसाने तिथे अर्धा दिवस तरी द्यावा असं मला मनापासून वाटतं. सकाळी लवकर जा, नंतर बसगाड्या येतात. उरलेल्या मूर्ती दा नांगच्या चाम संग्रहालयात आहेत.

बाइक भाड्याने घेऊ नका. आपल्याकडे गंगापूर रोडवर कितीही चालवली असेल तरी, तिथे उजव्या बाजूने चालवायचं असतं आणि आपलं इंटरनॅशनल लायसन्स 1949 च्या आंतरराष्ट्रीय वाहतूक कराराखालचं, तिथले लोक 1968 च्या कराराखालचं मानतात. अपघात झाला तर इन्शुरन्सवाला हात वर करेल. उत्तरेकडच्या हा जियांगच्या घाटात जायचंच असेल तर तिथला माणूस चालवेल आणि तुम्ही मागे बसाल अशी सोय सहज मिळते.

शेवटी मुंबईला पोचण्याचं. विमानं बरीचशी रात्रीची असतात. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, पण भिवंडी-ठाण्याची गर्दी टळत नाही, म्हणून कारने जाताना दोन तास जास्तीचे धरा, पावसाळ्यात तीन. मुंबई नाक्यावरून शेअर टॅक्सी आहेत, पण सामान जास्त असेल तर रेल्वेने दादरला उतरून पुढे जाणं मला जास्त भरवशाचं वाटतं. परतीचं विमान मध्यरात्रीनंतर उतरलं तर रात्रीत नाशिक गाठायला ड्रायव्हर शोधू नका, एअरपोर्टवर दोन-तीन तास काढा आणि सकाळच्या तपोवन एक्सप्रेसने नाशिकरोडला या, तिकीट मात्र इथून निघायच्या आधीच काढून ठेवा.