आधी उधाण बघा, मग नकाशा काढा

हवामानबदलाने किनाऱ्याची कोणती पाणथळ किती धोक्यात आहे, हे ठरवण्याच्या कामाला नव्याने लागणारी मुलं आधी विचारतात, "कोणतं सॉफ्टवेअर शिकू?" मी सांगते, कॅलेंडरात अमावास्या बघा आणि त्या दिवशी भरतीच्या वेळेला खाडीवर जा.

माझा पहिला नकाशा रायगडमधल्या धरमतर खाडीचा. जुन्या-नव्या उपग्रहचित्रांत बांधाच्या आत तिवरं वाढलेली दिसली आणि मी खुशीत त्या पट्ट्याला 'सुस्थितीत' म्हणून हिरवा रंग दिला. नंतर खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत गेले, तेव्हा एका आजोबांनी त्याच तिवरांकडे हात केला. "पोरी, हितं आमचा भात पिकायचा." बांधाला खांड (भगदाड) गेली, ती वेळेवर बुजली नाही, उधाणाचं पाणी शिरत राहिलं आणि मागोमाग तिवरं आली. घरी येऊन अख्खा नकाशा पुन्हा केला.

असुरक्षिततेच्या व्याख्येत घोळ करू नका. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक मंडळाच्या 2007 च्या मांडणीत धोक्याशी येणारा संपर्क हा असुरक्षिततेचाच भाग होता. 2014 पासून तो वेगळा धरतात. तुम्ही कोणती मांडणी घेतली, ते पहिल्याच पानावर लिहा.

सगळ्यात जास्त वेळ उंचीला द्या. 2006 ते 2018 या काळात जगभरातली समुद्रपातळी वर्षाला सरासरी 3.7 मिलिमीटरने वाढली. फुकट मिळणाऱ्या उपग्रही उंची-नकाशांतली चूक मात्र मीटरांत असते, आणि दाट तिवरांत ते जमिनीऐवजी शेंडेच मोजतात. त्यामुळे चिखलात उतरून मोजण्याला पर्याय नाही. फेल्डस्पारची पांढरी भुकटी चिखलावर पसरायची, वर्षाने तिथला चिखल नळीने उभा कापून काढायचा आणि पांढऱ्या रेघेवर किती गाळ बसला ते पट्टीने बघायचं. खेकड्यांनी बिळं केली असतील तर रेघ तुटक दिसते, म्हणून एकाच जागेवर विसंबू नका. गाळ चढला तरी खालचा चिखल दबून जमीन खचू शकते. त्यासाठी खोल रोवलेल्या दांड्यापासून पृष्ठभागाची उंची वेगळी मोजावी लागते.

मग पाठ वळवून जमिनीकडे बघा. पाणी चढलं तर तिवरांना मागे सरकायला जागा आहे, की बांध, रस्ता, कुंपणाची भिंत आडवी येते? आणि उघाडीपाशी, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेच्या दारापाशी थांबून विचारा: हिची झडप कोण दुरुस्त करतं, शेवटची कधी केली? असुरक्षितता ठरवताना लागणारा, बदलाशी जुळवून घेण्याच्या क्षमतेचा रकाना मी आता तिथे उभी राहूनच भरते.