लंडनबाहेर भाड्याचं घर शोधताय? मग हे आधी बघा

लंडनचं भाडं परवडेना, म्हणून आम्ही हॅरोहून डर्बीला आलो. तुमच्याही मनात असेल, तर भाड्याच्या आधी रेल्वेचं तिकीट बघा. आठवड्यातून दोनदाच ऑफिस असेल तर फ्लेक्सी सीझन तिकीट मिळतं, 28 दिवसांत 8 दिवस प्रवास. डर्बी ते लंडनचं सेंट पॅनक्रस स्टेशन साधारण दीड तास. वाचलेलं भाडं तिकिटातच जाणार असेल तर कशाला ही उठाठेव?

घर स्वतः बघा, शक्यतो थंडीत. इकडची जुनी विटांची, एकमेकांना चिकटलेली घरं फोटोत झकास दिसतात. ओल दिसत नाही. बाहेरच्या भिंतीवर तळहात टेकवा, कपाट थोडं पुढे ओढा, खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी शोधा. एकाच भिंतीला ताजा रंग? विचाराच. बॉयलर चालू करायला लावा, एजंटने तोंड वाकडं केलं तरी. ऊर्जा प्रमाणपत्रावर (ए सगळ्यात चांगलं, जी सगळ्यात वाईट) सी आहे की ई, तेही पाहा; हिवाळ्याचं बिल त्यावर ठरतं.

होल्डिंग डिपॉझिट, म्हणजे घर राखून ठेवायला आधी द्यायची रक्कम, एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त देऊ नका. मुख्य डिपॉझिट सहसा पाच आठवड्यांपर्यंतच, आणि ते 30 दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित व्हायला हवं. ‘अ‍ॅडमिन फी’ मागितली तर सरळ नाही म्हणा. 2019च्या कायद्याने ती बंद आहे.

मुलं असतील तर सही करण्याआधी काउन्सिलला फोन करून वर्गात जागा आहे का विचारा. शाळा शेजारी असली तरी जागा मिळेलच असं नाही.

वाणसामानाची काळजी नको, भारतीय दुकानांचा लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड फार लांब नाही.