पीअर-टू-पीअर ऑफिसमध्ये गेलात की आधी 'मेन मशीन' शोधा

नेटवर्किंगचा कोर्स करून आलेल्या पोरांना क्लायंट-सर्व्हर आणि पीअर-टू-पीअरमधला फरक विचारला की सगळ्यांकडून तेच उत्तर येतं, एकात सर्व्हर (सगळ्यांचा डेटा आणि युजर सांभाळणारं वेगळं मशीन) असतो, दुसऱ्यात सगळी मशीन सारखी, पहिलं महाग, दुसरं स्वस्त. चूक नाहीये, परीक्षेत मार्क मिळतात. पण साईटवर गेल्यावर कळतं की 'सगळी सारखी' असा प्रकार फार कमी ठिकाणी असतो.

माझं काम जास्त करून छोट्या ऑफिसांचं, सीए, डॉक्टर, ट्रान्सपोर्टवाले. सहा-सात मशीन, एक स्विच, एक प्रिंटर, टॅली गोल्ड (हिशेबाच्या सॉफ्टवेअरची अनेकांना एकदम वापरता येणारी आवृत्ती). विंडोजमध्ये ह्याला वर्कग्रुप म्हणतात आणि पुस्तकाप्रमाणे हे पीअर-टू-पीअर. प्रत्यक्षात टॅलीचा डेटा एकाच मशीनवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये पडलेला असतो आणि ते 'मेन मशीन' नेमकं सरांच्या केबिनमध्ये. सर साडेसहाला शटडाऊन करून घरी गेले की बाहेर जीएसटीच्या तारखेसाठी थांबलेल्या लोकांची टॅली तिथल्या तिथे अडकते, मग फोन येतो "नेटवर्क गेलंय". नेटवर्क कुठेही गेलेलं नसतं. म्हणून नवीन साईटवर पहिले दोन प्रश्न विचारा, डेटा कुठल्या मशीनवर आहे आणि ते मशीन बंद करायचा अधिकार कोणाकोणाला आहे. त्याच मशीनला यूपीएस आणि बॅकअप आहे का तेही बघा, बहुतेकदा नसतो, कारण कागदोपत्री ते सर्व्हर नाहीच ना.

दुसरी डोकेदुखी पासवर्डची. वर्कग्रुपमध्ये प्रत्येक मशीनचे युजर त्या मशीनपुरतेच. ज्या मशीनवर शेअर (म्हणजे शेअर्ड फोल्डर) आहे तिथला पासवर्ड कोणी बदलला की बाकी सगळ्यांकडे क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड जपून ठेवतं ती जागा) जुनाच सेव्ह असतो, मग प्रत्येकाच्या मागे जाऊन तो काढत बसा. ह्याला कंटाळून बरेच जण बिनपासवर्डचं शेअरिंग करून ठेवतात. ते करू नका, एकतर धोका, वरून विंडोज 11 प्रो 24एच2 वर गेलं की हे गेस्ट, म्हणजे बिनपासवर्डचं, शेअरिंग सेटिंग न बदलता चालतच नाही, अपडेट झाल्यावर सकाळी सकाळी फोन येतात ते ह्याच्यामुळेच.

आणि साध्या विंडोज 10-11 मशीनवरच्या शेअरला एकावेळी 20 डिव्हाइसपर्यंतच जोडता येतं, लायसन्समध्येच तसं आहे. माझं मत विचाराल तर 20 ची वाट बघू नका, दहा-बाराच्या पुढे माणसं गेली आणि कोण येतंय कोण सोडून जातंय असं सुरू झालं की सर्व्हर घ्या. पाच मशीनच्या ऑफिसच्या गळ्यात सर्व्हर मारणारेही असतात, त्यांच्या नादाला लागू नका. तिथे एक वेगळं मशीन फक्त डेटासाठी ठेवलं, त्यावर कोणाला बसू दिलं नाही आणि रोज बॅकअप घेतला की भागतं.

सर्व्हर आला म्हणजे सहसा ॲक्टिव्ह डिरेक्टरी (सगळे युजर आणि पासवर्ड एका जागी ठेवणारी विंडोज सर्व्हरची सोय) आली. आता युजर एकदाच बनवायचा, माणूस सोडून गेला की एका जागी डिसेबल करायचा, हा खरा फायदा, स्पीड वगैरे नंतर. पण दुखणीही नवीन. विंडोजची होम एडिशन डोमेनला (ॲक्टिव्ह डिरेक्टरीखालच्या मशीन आणि युजरच्या गटाला) जोडताच येत नाही, आणि मालकाने स्वस्तात मिळाले म्हणून आणलेले लॅपटॉप हमखास होमच असतात! कोणीतरी 'इंटरनेट फास्ट होतं' म्हणून डीएनएसमध्ये (नावावरून मशीनचा पत्ता शोधणारी सेवा) ऑफिसच्या सर्व्हरऐवजी गूगलचा 8.8.8.8 टाकून ठेवतं, मग क्लायंटला (युजरच्या मशीनला) डोमेनच सापडत नाही. आणि घड्याळ. केर्बेरॉसला (डोमेनमध्ये लॉगिन तपासणारी पद्धत) क्लायंट आणि सर्व्हरच्या घड्याळात साधारणपणे 5 मिनिटांच्या वरचा फरक चालत नाही, जुन्या मशीनचा बायोसचा (घड्याळ चालू ठेवणारा) सेल गेला, तारीख मागे गेली की लॉगिनची बोंब.

इंटरव्ह्यूला नुसती व्याख्या कमी आणि 'काय बंद पडलं तर काय होईल' हे जास्त विचारतात. मी स्वतः व्हॉट्सॲप विचारतो. मेसेज सर्व्हरवरून जातो पण दोघांमधला कॉल जमेल तेव्हा थेट फोन टू फोन, म्हणूनच सेटिंगमध्ये कॉलमधला आयपी लपवायचा पर्याय आहे. नॅपस्टर ही गाणी शेअर करायची सेवा (1999) पण छान उदाहरण आहे, गाणी लोकांच्या मशीनवरून थेट यायची पण यादी कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणून 2001 मध्ये कोर्टाच्या दणक्याने सगळंच बंद करता आलं.

घरी करून बघायचं तर 16 जीबी रॅम असलेला लॅपटॉप पुरतो. व्हर्च्युअलबॉक्स (एकाच लॅपटॉपमध्ये अनेक मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, विंडोज सर्व्हरची इव्हॅल्युएशन कॉपी 180 दिवस फुकट मिळते, विंडोज 11 एंटरप्राइजची 90 दिवस. डोमेन बनवा, क्लायंट जोडा, एका युजरने लॉगिन करा आणि मग सर्व्हर बंद करून टाका. आधी लॉगिन केलेला युजर परत आत जातो कारण विंडोज त्याचं लॉगिन त्या मशीनवरच कॅशमध्ये जपून ठेवतं, नवीन युजर मात्र दारातच अडकतो, आणि सर्व्हरवरचं शेअर दोघांनाही उघडत नाही.