आघातातून गेलेल्या मुलाची गोष्ट वहीत कशी उतरवावी

अपघात, दरड, मारहाण यांतून वाचलेल्या मुलाला घरचे म्हणतात, ‘विसरून जा.’ ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी या आघातावरच्या मानसोपचारात (विचार-वर्तन बदलणाऱ्या समुपदेशनात) नेमकं उलट करतात: घडलेलं बोलायचं, पण मापात. आठवड्याला एक अशी साधारण 12 ते 16 सत्रं लागतात, आणि जवळपास निम्मा वेळ आई-वडिलांसाठी असतो. काम प्रशिक्षित समुपदेशकाचं. घरी करून बघायचं नाही; पुढच्या सूचना समुपदेशकासाठी आहेत.

घटनेचं नाव पहिल्या दिवसापासून घ्यावं, तपशिलात मात्र शिरू नये. आधी पोटातून श्वास आणि भीती 0 ते 10 मध्ये मोजणं शिकवा. लहान मुलाला उताणं झोपवून पोटावर खेळणं ठेवा. खेळणं स्थिर आणि छाती फुगतेय, म्हणजे चुकतंय.

मग वही. समजा, बाबांच्या स्कूटरवरून पडलेली नऊ वर्षांची मुलगी आहे. पहिलं पान तिचं स्वतःचं: मैत्रीण, आवडता खाऊ. दुसऱ्यावर घरातून निघेपर्यंतचं. ती सांगेल तसंच लिहा, भाषा सुधारू नका. तुकडा झाला की वाचून दाखवा, आकडा विचारा. आकडा 8 वर गेला म्हणून घाबरून वही मिटलीत, तर ‘पळालं की सुटका’ हेच ती शिकते. श्वास घ्या, तोच तुकडा पुन्हा वाचा, आकडा उतरू द्या. त्यासाठी शेवटची 10 मिनिटं राखून ठेवा.

सगळ्यात वाईट क्षणाचं पान उशिरा येतं. ‘मी घट्ट धरलं नाही म्हणून झालं’ असं वाक्य बहुधा तिथेच सापडतं. लगेच ‘नाही गं, वेडी!’ म्हणू नका; ती गप्प होते, समजूत तशीच राहते. विचारा: रस्त्यावर खडी कुणी टाकली होती? मैत्रीण पडली असती तर तिला काय सांगितलं असतंस? उत्तर तिच्याच शब्दांत त्या पानाखाली लिहा.

आई-वडिलांनी ही वही आधी समुपदेशकासमोर ऐकावी, रडू येईल ते तिथेच येऊ द्यावं. आई कोसळताना दिसली की मूल पुढची पानं गिळून टाकतं.

स्कूटरची भीती पायऱ्यांनी जाते: उभ्या गाडीला हात, नुसतं बसणं, गल्लीत एक फेरी. मारणारा माणूस घरातच असेल तर मात्र ती भीती खरी आहे, ती घालवायची नसते. तिथे वही बाजूला ठेवा आणि आधी 1098 या चाइल्डलाइनला (मुलांच्या मदतीचा फोन) फोन करा.

औषधाची घाई नको. ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारांची मार्गदर्शिका काढणाऱ्या संस्थेची 2018 ची मार्गदर्शिका 18 वर्षांखालच्या मुलांना पीटीएसडीसाठी (आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी) औषधं देऊ नका असंच सांगते. सीबीटीने फरक पडला नाही तर 7 ते 17 वयासाठी ईएमडीआरचा (आठवण मनात ठेवून डोळे डावी-उजवीकडे हलवण्याच्या उपचाराचा) विचार होतो. समुपदेशक कुठे मिळेल, हे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत विचारता येतं.