चंदन जगवायचे असेल तर आधी त्याच्या शेजारचे झाड जगवा
(उन्हाळी सल्ला : मार्च ते जून)

चोरटी तोड, वणवे आणि चराई यांनी जंगलातले चंदन विरळ झाले. निसर्गसंवर्धनाचे काम करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत ते 'असुरक्षित' वर्गात आहे. त्यात दुष्काळी वर्षांत कोवळी रोपे टिकत नाहीत, म्हणून शेतात आणि बांधावर उभ्या असलेल्या चंदनाला आता जास्त मोल आहे.

चंदन अर्धपरजीवी आहे. अन्न ते स्वतःच्या पानांत तयार करते, पण पाणी आणि खनिजे बऱ्याच अंशी शेजारच्या झाडाच्या, म्हणजे यजमानाच्या, मुळांतून ओढते. यजमान झाडाच्या बारीक मुळ्यांजवळची माती हलक्या हाताने बाजूला केली तर त्यांना चिकटलेल्या पांढुरक्या गाठी दिसतात. त्याच चंदनाच्या शोषक मुळ्या. यजमान वाळला की चंदनाचा नळ बंद झाला म्हणून समजा.

नव्या लागवडीत इथेच घात होतो. रोपासोबत यजमान म्हणून तूर लावतात, ते बरोबर आहे. पण पौष-माघात तूर कापून किंवा मुळासकट उपटून रान मोकळे केले जाते आणि ऐन उन्हाळ्यात रोप एकटे पडते. चंदनाजवळच्या तुरीच्या फक्त शेंगा तोडा, झाडे हिरवी ठेवा आणि त्यांनाही पाणी द्या. आधीच कापली असेल तर बुडखे उपटू नका. ओल मिळाली तर काही बुडखे पुन्हा फुटतात. रानातल्या बाकीच्या तुराट्या जाळण्यापेक्षा आच्छादनाला वापरा.

पाणी चंदनाच्या बुंध्याशी ओतू नका. चंदन आणि यजमान यांच्या मधल्या पट्ट्यात द्या, म्हणजे दोघांच्या मुळ्या भिजतील. ठिबक असेल तर एक तोटी यजमानाकडे सरकवा. टँकरवर भागवायचे असेल तर मधोमध मडके पुरा, तोंड झाका आणि ते रिकामे झाले की भरा. हलक्या जमिनीत दोन-तीन वर्षांच्या जोडीला आठवड्याला १५ ते २० लिटर पाणी हा अंदाज धरा आणि माती हाताने पाहून कमी-जास्त करा. वर चार बोटे जाडीचे पालापाचोळ्याचे किंवा सोयाबीनच्या भुश्याचे आच्छादन घाला. ते खोडाला टेकू देऊ नका, वाळवी लागते. या दिवसांत छाटणी नको आणि बुंध्याजवळ खोल खणणेही नको, कारण शोषक मुळ्या तुटतात.

पाने पिवळी पडून गळत असतील तर आधी यजमान तपासा. मात्र पाने बारीक, ताठ आणि शेंड्याशी दाटीने येत असतील तर ती पाण्याची ओढ नव्हे, स्पाइक रोगाची शंका आहे. त्यावर खात्रीचा इलाज नाही. झाड तज्ज्ञांना दाखवा आणि त्याचे बी धरू नका.

बांधावर बाभळीखाली किंवा करंजाखाली आपोआप उगवलेले चंदन दिसले तर त्याला कुंपण करा. ते बहुधा बुलबुल-कोकिळेच्या विष्ठेतून पडलेले बी असते. यजमान त्याला आधीच मिळालेला असतो, म्हणून ते रोपवाटिकेतल्या रोपापेक्षा चिवट निघते. चंदनातून 'एकरी कोटी रुपये मिळतील' असे सांगत फिरणाऱ्यांकडून रोपे घेण्याआधी आपलाच बांध फिरून पाहा. जुन्या झाडाची काळी पिकलेली फळे मिळाली तर गर धुऊन बी सावलीत वाळवा आणि दोनेक महिने ठेवून मग पेरा.

पहिला मोठा पाऊस झाला की भारी काळ्या जमिनीत झाडाभोवती केलेली आळी फोडून पाण्याला वाट करून द्या. दुष्काळातून वाचलेले चंदन साचलेल्या पाण्याने आठवडाभरात कुजू शकते. त्याच ओलीवर करंज, शिरीष किंवा खैर असा दीर्घायुषी यजमान लावा, तुरीच्या भरवशावर दुसरा उन्हाळा काढू नका. झाडांची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या. महाराष्ट्रात चंदन स्वतःच्या बांधावरचे असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही आणि चोरी झाली तर तक्रारीला हीच नोंद कामी येते.