पहिल्या सत्राआधीची तयारी : अभ्यास, मैदान, चित्रकला आणि तबला

विदर्भातील राज्य मंडळाच्या शाळा उन्हाच्या तीव्रतेमुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरच्या आठवड्यात उघडतात. त्यामुळे नागपुरातील मुलांचे पहिले सत्र मुळातच आखूड असते, आणि त्याच सत्रात शालेय क्रीडा स्पर्धा, शासकीय रेखाकला परीक्षा, घटक चाचणी, सणवार आणि शेवटी सहामाही परीक्षा अशी दाटी होते. दोन-तीन गोष्टी एकाच वेळी शिकणाऱ्या मुलांची खरी ओढाताण रोजच्या तासांपेक्षा एकमेकींवर येणाऱ्या तारखांमुळे होते, असा माझा अनुभव आहे. तारखांची ही तजवीज शाळा उघडण्यापूर्वी, वह्या-पुस्तकांना कव्हरे घालण्याच्या दिवसांतच उरकून घ्यावी.

प्रथम भिंतीवरची दिनदर्शिका खाली उतरवून मुलांसोबत बसावे आणि सणांवर खुणा कराव्यात. श्रावण अमावस्येला पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत-बडग्यांची मिरवणूक, लगेच गणपतीची स्थापना व त्यामागून महालक्ष्म्या, असा हा सलग आठवडा असतो. महाल-इतवारी भागात ज्यांचे वर्ग आहेत त्यांनी मारबतीच्या दिवशी सराव होईल हे गृहीतच धरू नये. दीक्षाभूमीच्या परिसरात राहणाऱ्यांनी दसऱ्याच्या आगेमागेचे दोन-तीन दिवसही असेच मोकळे सोडावेत. पावसासाठीही थोडी जागा ठेवावी. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून शहरात पाणी शिरले, तेव्हा सप्टेंबर संपत आला म्हणजे मैदान कोरडे झाले हा आमचा समज कायमचा गेला.

त्यानंतर प्रत्येक उपक्रमाच्या परीक्षा व स्पर्धांचे अपेक्षित दिवस लिहावेत. हे काम घाईने करू नये, कारण पुढचे सारे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा बहुधा सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला होतात. त्या वर्षातून एकदाच येतात आणि त्यांचे अर्ज शाळेमार्फतच भरावे लागतात, म्हणून चित्रकलेच्या शिक्षकांना जुलैतच भेटावे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मात्र वर्षातून दोन वेळा होतात, त्यामुळे तबल्याची किंवा गायनाची परीक्षा एका सत्राने पुढे ढकलणे शक्य असते. कोणती तारीख हलू शकते आणि कोणती हलणार नाही, हे वेगळ्या रंगाने लिहून ठेवावे.

खेळाच्या बाबतीत पालकांची एक चूक हमखास होते, आणि ती मीही केली आहे. आपण फक्त जिल्हास्तरीय स्पर्धेची तारीख लिहितो, पण संघ जिंकला तर काय, याचा विचारच करत नाही. जिल्ह्यानंतर विभाग, विभागानंतर राज्य असा तो क्रम आहे. नागपूर विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे येतात, म्हणजे पुढचा सामना मुक्कामाचाही असू शकतो. माझ्या मुलीचा खो-खोचा संघ जिल्ह्यात जिंकला आणि विभागीय सामना नेमका इंटरमिजिएटच्या आठवड्यात आला. ती परीक्षेला बसली, संघ तिच्याविना गेला, आणि आदल्या आठवड्यात हे कळल्यामुळे तिच्या जागी कोणाला तयार करायला प्रशिक्षकांना वेळच उरला नाही. तिला त्याचे फार वाईट वाटले. म्हणून जुलैमध्येच प्रशिक्षक, कलाशिक्षक आणि वर्गशिक्षक या तिघांनाही एकच तारखांचा कागद द्यावा आणि दोन गोष्टी एकाच दिवशी आल्या तर मूल कोठे जाईल हे त्यावर स्पष्ट लिहावे. हा निर्णय मुलानेच घ्यावा. आपण फक्त प्रश्न विचारावेत.

साप्ताहिक वेळापत्रक बसवताना अंतराचा विचार करावा. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला मिळतात. वर्ग शक्यतो एकाच मार्गिकेवर निवडले तर मोठी मुले आईवडिलांच्या दुचाकीची वाट न पाहता स्वतः जाऊ शकतात. शाळा, मैदान, वर्ग आणि घर असा सरळ क्रम लागत असेल तर मध्ये घरी येणे टाळावे, पण मग दुसरा डबा लागतो. त्यात फुटाणे, गूळ-शेंगदाणे, एखादे केळे इतके पुरे. आठवड्यातील एक संध्याकाळ पूर्ण रिकामी ठेवावी आणि त्या संध्याकाळी नवा वर्ग लावण्याचा मोह कितीही झाला तरी आवरावा. बुडलेला गृहपाठ, ताप, पाहुणे, सारे त्या संध्याकाळीच भरून निघते. सहामाहीच्या तीन आठवडे आधी कोणता सराव निम्म्यावर आणायचा, हेही आताच ठरवावे, कारण त्या दिवसांत प्रत्येक शिक्षकाला आपलाच विषय महत्त्वाचा वाटतो आणि मुलाला कोणालाच नाही म्हणता येत नाही.

शेवटचे काम कागदपत्रांचे. जन्मदाखला, आधार कार्ड आणि शाळेच्या शिक्क्याचे ओळखपत्र यांच्या चार-चार झेरॉक्स व पासपोर्ट आकाराचे फोटो एका फाइलमध्ये ठेवावेत, कारण स्पर्धेच्या प्रवेशिकेसाठी ते आदल्या दिवशी मागितले जातात. त्याच फाइलच्या मागच्या कप्प्यात मिळालेली प्रमाणपत्रे ठेवावीत. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला 7, 5 किंवा 3 गुण मिळतात, खेळाच्या आणि शास्त्रीय कलांच्या गुणांसाठीही प्रस्ताव शाळेमार्फतच जातो, आणि आठवीतले प्रमाणपत्र दोन वर्षांनी शोधायला घेतले की ते सापडत नाही. फाइलवर मुलाचे नाव, इयत्ता आणि आपला फोन नंबर लिहून ती दप्तराच्या शेजारी, मुलाचा हात पोहोचेल अशा जागी ठेवावी.