गावात अफवा उठली की पहिल्या तासात काय करायचं

राळेगाव तालुक्यातल्या एका गावची मी पोलीस पाटील. आजूबाजूच्या गावांतले नवे पाटील विचारतात, अफवा आली तर करायचं काय? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी ती अफवा आहे की कुचाळकी, ते ओळखा. कुचाळकी ओळखीच्या माणसाची होते: कोणाची सून माहेरी का गेली, कोणी वावर गहाण टाकलं. अफवा मात्र जिवाशी, लेकरांशी, पिकाशी लागलेली असते आणि खरं काय ते कोणालाच ठाऊक नसतं. ऑलपोर्ट आणि पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1947 मध्ये हेच मांडलं. विषय किती महत्त्वाचा आणि माहिती किती धूसर, यांच्या गुणाकारावर अफवेचं बळ ठरतं. एक बाजू शून्य झाली की सगळंच शून्य. लेकरांची काळजी कमी करता येत नाही, करूही नये. धूसरपणा कमी करता येतो, आणि आपलं काम तेच.

आमच्याकडे सगळ्यात जास्त उठते ती वाघाची. अवनी म्हणजे टी-1 वाघीण 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री आमच्याच भागात, बोराटीच्या जंगलात मारली गेली. त्याआधी तिच्या भीतीनं बाया कापूस वेचायला जायला धजत नव्हत्या. म्हणून आजही कोणी "वाघ दिसला" म्हटलं, तर "येडे झाले का" म्हणू नका. शांतपणे विचारा: "कोनं पाह्यला? कोनत्या वावरात? सोता पाह्यला का आयकलं?" आयकलं म्हणाला तर ज्याच्याकडून आयकलं त्याच्याकडे जा, मग त्याच्याही मागच्याकडे. पाऊल सापडलं तर त्यावर घमेलं पालथं घाला, वर दगड ठेवा आणि वनरक्षकाला बोलवा. गर्दीनं तुडवलं की काही उरत नाही. नखं उमटलेली असली तर ते बहुधा तडस किंवा कुत्रं. वाघ-बिबट नखं आत ओढून चालतात. वनरक्षक जे सांगेल तेच, त्याच्या नावानं, कोतवालाकडून दवंडीत जाऊ द्या. खात्री झाली नसेल तर तसंच सांगा: अजून कळलं नाही, सकाळपर्यंत एकट्यानं वावरात जाऊ नका.

पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा याहून वाईट, कारण तिथं संशय माणसावर जातो. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. म्हणून खोलीत कोंडलं म्हणजे माणूस वाचला असं समजू नका. चार लोक जमताच 112 लावा आणि गर्दी वाढायच्या आत त्या माणसाला गाडीत बसवून पोलीस ठाण्याकडे काढा. त्याहून बरं म्हणजे बहुरूपी, डवरी, कल्हईवाले गावात आले त्याच दिवशी नावं लिहून घ्यायची आणि ते कोण, कुठून आले, हे दवंडीनं सांगून टाकायचं.

मोबाईलवर आलेल्या गोष्टीला उत्तर देताना तो व्हिडिओ पुन्हा टाकू नका. आपल्या आवाजात, खरं काय ते पहिल्याच वाक्यात सांगा. लोक आवाज ओळखतात.

कुचाळकीला यातलं काहीच लागू करू नका. एखाद्या पोरीबद्दल बोललं जात असेल तर चौकशी करणं म्हणजे स्वतःच ते दारोदार नेणं. दवंडी तर नाहीच. मी सरळ म्हणते, "हे माह्यापाशी आलं, आता इथूनच खाली बसू दे." मग दिवसाढवळ्या तिच्या घरी जाते, चहा घेते, तिच्या मायशी तुरीच्या भावाचं बोलते. कोणी मोबाईलवर घाण लिहिली असेल तर मात्र ते पुसायच्या आधी स्क्रीनशॉट घ्यायचा, आणि तक्रार द्यायची का, हे पहिले त्या पोरीला विचारायचं.